चेंडू चालायचा, चहाचा कप नाही: बाळू पालवणकर कधीच कॅप्टन का झाले नाहीत?

डावखुरा बॉलर म्हटलं की आपल्या नगर जिल्ह्यात एकच नाव निघतं. श्रीरामपूरचा झहीर खान. २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये त्याने २१ विकेट काढल्या, ते सगळ्यांना पाठ आहे. कॅप्टन म्हटलं की संगमनेर तालुक्यातला अजिंक्य रहाणे. विराट कोहली परत आल्यावर त्याने ऑस्ट्रेलियातली सिरीज जिंकून आणली, त्याचे व्हिडिओ आजही फिरत असतात.

पण मराठी मुलखातला पहिला मोठा डावखुरा बॉलर कोण, असं विचारलं तर फार थोडे हात वर होतील.

उत्तर आहे, बाळू पालवणकर. झहीरच्या जन्माच्या शंभरेक वर्षं आधी जन्मलेला माणूस. पुण्यात महिना तीन रुपयांवर पिच झाडायचा. पुढे इंग्लंडला गेला आणि एका दौऱ्यात ११४ विकेट काढून आला. त्याच्यासाठी तरुण भीमराव आंबेडकरांनी मानपत्र लिहिलं. पंचवीसेक वर्षांनी त्याच आंबेडकरांच्या विरोधात तो निवडणुकीला उभा राहिला.

आणि एवढं सगळं होऊनही, ज्या टीमला त्याने वर्षानुवर्षं सामने जिंकून दिले, त्या टीमचा कॅप्टन मात्र तो एकदाही झाला नाही.

का? आज तेच समजून घेऊया.

सुरुवात: कॅम्पातलं क्रिकेट

भारतात क्रिकेट दोन रस्त्यांनी पसरलं. एक, मुंबईच्या पारशी मंडळींकडून. दुसरा रस्ता लष्करी छावण्यांचा. आपल्याकडे भिंगारचा कॅम्प आहे, तसेच पुण्यात कॅम्प आणि खडकी. गोऱ्या अधिकाऱ्यांना संध्याकाळी खेळायला मैदान लागायचं आणि मैदान राखायला माणसं लागायची.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमाराचा, धारवाडचा. घराणं मूळचं कोकणातल्या पालवणचं, म्हणून आडनाव पालवणकर. समाज चर्मकार, म्हणजे त्या काळात ज्यांना अस्पृश्य मानलं जायचं त्यांच्यापैकी. वडील पुण्यात लष्कराच्या नोकरीत होते. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि जुने चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले.

शाळा फार झाली नाही. बाळूंना पहिली नोकरी मिळाली पुण्यातल्या पारशांच्या एका क्रिकेट क्लबात. काम पिच झाडायचं, रोलर फिरवायचा आणि अधूनमधून मेंबर लोकांना बॉलिंग टाकायची. पगार महिना तीन रुपये.

१८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना जिमखान्यात गेले. तिथे पगार चार रुपये. कामात भर पडली. नेट लावायचं, पिचवर रेघा मारायच्या, टेनिस कोर्ट आखायचं.

आठ आण्यांचा हिशोब

याच जिमखान्यात जॉन ग्लेनी ग्रेग नावाचा अधिकारी खेळायला यायचा. नावावरूनच लोकांनी त्याला ‘जंगली ग्रेग’ म्हणायला सुरुवात केली होती. त्या काळात भारतातल्या गोऱ्या बॅट्समनमध्ये तो सगळ्यात भारी मानला जायचा. इंग्लंडात तो हॅम्पशायरकडून खेळला. म्हातारपणी तर तो ख्रिस्ती धर्मगुरू झाला.

ग्रेग प्रॅक्टिसचा वेडा होता. इतर मेंबर यायच्या आधी तो नेटमध्ये हजर व्हायचा आणि बाळूंना बॉलिंग टाकायला लावायचा. सांगतात की त्याने एक बोली लावली होती. मला आऊट केलंस की दर वेळी आठ आणे.

आता हिशोब करा. सोळा आण्यांचा रुपया. बाळूंचा पगार चार रुपये, म्हणजे ६४ आणे. ग्रेगला आठ वेळा आऊट केलं की अख्ख्या महिन्याचा पगार सुटला.

बक्षीस होतंच, पण खरी कमाई वेगळी होती. देशातल्या सगळ्यात चांगल्या बॅट्समनला रोज तासन्‌तास बॉलिंग टाकायची संधी. आजच्या भाषेत सांगायचं तर फुकटचं हाय परफॉर्मन्स सेंटर. पायांची हालचाल कशी होते, कुठला चेंडू सोडतो, कुठल्या चेंडूला फसतो, हे सगळं बाळू रोज बघत होते.

फक्त एक गोष्ट होत नव्हती. बॅट त्यांच्या हातात कोणी देत नव्हतं. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे बॅटिंग साहेबाचं काम आणि बॉलिंग नोकराचं. हे फक्त भारतात होतं असं नाही. खुद्द इंग्लंडमध्ये हौशी श्रीमंत खेळाडूंना ‘जेंटलमन’ आणि पैसे घेऊन खेळणाऱ्यांना ‘प्लेयर’ म्हणायचे. कॅप्टन जेंटलमनच असायचा, आणि घाम गाळून बॉलिंग करायचं काम बहुतेक वेळा प्लेयरकडे यायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

बाळूंच्या बॉलिंगमध्ये नेमकं काय होतं?

बाळू डाव्या हाताने संथ फिरकी टाकायचे. आपल्या रवींद्र जडेजाचा जो प्रकार, तोच. उजव्या हाताच्या बॅट्समनसाठी हा चेंडू टप्पा पडल्यावर बाहेर निघतो. खेळायला गेलं की कड लागून स्लिपमध्ये कॅच, पुढे सरसावलं आणि हुकलं की स्टंपिंग.

पण नुसता चेंडू वळून भागत नाही. बाळूंचं वैशिष्ट्य होतं ते टप्प्यावरचं नियंत्रण. तासन्‌तास एकाच जागी चेंडू टाकायचा, हवेत त्याचा वेग थोडा कमी-जास्त करायचा आणि मध्येच एखादा आत आणायचा. ॲक्शन सहज, त्यामुळे दमणं नाही. रोज नेटमध्ये घाम गाळला की हीच गोष्ट अंगात मुरते.

पुण्यातला पेच

बातमी पसरली. पुण्यातल्या हिंदू क्लबला गोऱ्यांना हरवायचं होतं, आणि गावातला सगळ्यात भारी बॉलर गोऱ्यांच्याच जिमखान्यात रोलर फिरवत होता.

घ्यायचं का त्याला टीममध्ये?

क्लबमधल्या काही तेलुगू मंडळींचं म्हणणं होतं, घ्या. पुण्यातल्या ब्राह्मण सदस्यांपैकी बऱ्याच जणांचा विरोध होता. शेवटी खुद्द ग्रेगने जाहीरपणे सांगितलं की जातीपायी असा बॉलर सोडणं हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. आता तोच ग्रेग समोरच्या टीमकडून खेळणार होता, हे विशेष!

बाळू टीममध्ये आले. पण कसे आले, ते बघा.

मैदानात एकच चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरायचा. बाळू तो टाकायचे, विकेटकीपर तो पकडायचा, स्लिपमधला तो परत फेकायचा. तेव्हा कोणाला विटाळ होत नव्हता. चहाची सुट्टी झाली की मात्र सगळे खेळाडू पॅव्हेलियनमध्ये जाऊन चिनी मातीच्या कपातून चहा प्यायचे आणि बाळूंना तो बाहेर मिळायचा, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. जेवायला वेगळं ताट, वेगळं टेबल. हात-तोंड धुवायचं असेल तर त्यांच्याच समाजातला एखादा नोकर मैदानाच्या कोपऱ्यात किटलीने वरून पाणी ओतायचा.

चहाच्या टपरीबाहेर वेगळे ठेवलेले कप आपल्याकडच्या जुन्या माणसांना आठवत असतील. त्याचीच ही क्रिकेटमधली आवृत्ती.

विकेट मात्र पडत राहिल्या. पुण्याच्या हिंदूंनी गोऱ्यांना हरवलं. मग साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याला त्यांच्याच मैदानावर जाऊन हरवलं. बाळूंची फिरकी चालू नये म्हणून तिथलं पिच आधी आठवडाभर रोलर फिरवून कडक केलं होतं, अशी आठवण सांगितली जाते. तरीही उपयोग झाला नाही.

त्यानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी टीममधल्या मंडळींना सुनावलं. त्याच्याबरोबर खेळू शकता, तर त्याच्याबरोबर खाऊ-पिऊही शकलं पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. रानड्यांसारखा माणूस हे जाहीरपणे बोलतो, ही त्या काळात छोटी गोष्ट नव्हती.

मुंबई आणि १९०६ चा सामना

१८९६-९७ मध्ये पुण्या-मुंबईत प्लेगने थैमान घातलं. त्याच सुमारास पालवणकर कुटुंब मुंबईला आलं. बाळूंना पुढे रेल्वेत नोकरी मिळाली, आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळायची संधीही. तिथेही आधी काही सदस्यांची नाराजी होतीच. कॅप्टन कीर्तिकर यांनी ती मोडून काढली.

इथे एक गोष्ट समजून घ्या. तेव्हा मुंबईत शहरांच्या किंवा राज्यांच्या टीम नव्हत्या. धर्मावरून टीम होत्या. आधी युरोपियन विरुद्ध पारशी, १९०७ पासून त्यात हिंदू आले आणि तिरंगी स्पर्धा झाली, १९१२ मध्ये मुस्लिम आले आणि चौरंगी झाली. १९३७ मध्ये ‘द रेस्ट’ नावाची पाचवी टीम आली. १९४६ मध्ये ही स्पर्धा कायमची बंद झाली. पण ऐन भरात असताना ही देशातली सगळ्यात मोठी स्पर्धा होती. आयपीएलच्या फायनलला जी गर्दी आणि जो ताप असतो, तसंच काहीसं वातावरण.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन समोरासमोर आले. हिंदूंच्या पहिल्या डावात २४२ धावा, युरोपियनांच्या १९१. दुसऱ्या डावात हिंदू १६० वर आटोपले. म्हणजे युरोपियनांना जिंकायला २१२ हवे होते. ते १०२ वर गारद झाले. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ विकेट काढल्या. भाऊ शिवरामही टीममध्ये होता.

पुढच्या वर्षी फरक आणखी वाढला. हिंदू २३८ धावांनी जिंकले.

बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची चळवळ पेटली होती तो हा काळ. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद किती झाला असेल, कल्पना करा. पण सुधारकांना या विजयात दुसरीच गोष्ट मोठी वाटली. या टीममध्ये सवर्ण आणि पालवणकर बंधू एकत्र खेळले होते. मुंबईच्या जिमखान्यात तर एव्हाना एकत्र खाणं-पिणंही सुरू झालं होतं. पुण्यात बाहेर ठेवलेला चहा इथे आत आला. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या सुधारकी पत्राने खास या गोष्टीची दखल घेतली.

इंग्लंड, १९११

१९११ मध्ये पहिली ‘ऑल इंडिया’ टीम इंग्लंडला निघाली. टीममध्ये पारशी, हिंदू, मुस्लिम होते आणि कॅप्टन होता पतियाळाचा तरुण महाराजा भूपिंदर सिंग. त्या वर्षी लंडनमध्ये राजा पंचम जॉर्जचा राज्याभिषेक होता. महाराजांचं लक्ष मेजवान्यांकडे जास्त, ते मोजकेच सामने खेळले.

टीमचं एकंदर हसंच झालं. २३ सामने, त्यातले १५ हरले, सहा जिंकले, दोन अनिर्णित.

आणि अशा टीममध्ये बाळूंची कामगिरी बघा:

- सगळ्या सामन्यांत मिळून ११४ विकेट, सरासरी १८.८४
- त्यातल्या प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांत ७५ विकेट, सरासरी २०.१२

सरासरी म्हणजे काय? एक विकेट काढायला किती धावा दिल्या, तो आकडा. जितका कमी, तितका चांगला. परक्या देशात, ओल्या हवेत, दुखऱ्या खांद्याने, पस्तिशीच्या आसपासच्या माणसाने हे केलं होतं. लीस्टरशायरला ऑल इंडियाने हरवलं, त्या सामन्यात बाळूंच्या एकट्याच्या ११ विकेट होत्या. सॉमरसेटला एका विकेटने हरवलं, त्यात शिवरामने नाबाद शतक ठोकलं. दौऱ्यातले प्रथम श्रेणीचे विजय फक्त हे दोनच. दोन्हींत पालवणकर!

परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवलं आहे की त्या सत्काराचं मानपत्र एका कॉलेजातल्या तरुणाने तयार केलं होतं. तो तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर. तेव्हा ते एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते. शाळेत पाण्याला हात लावू न दिलेल्या त्या मुलासाठी बाळू पालवणकर म्हणजे काय असतील, ते वेगळं सांगायला नको.

मग कॅप्टन का नाही?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

१९११ नंतर बाळू हिंदूंच्या टीममधले सगळ्यात अनुभवी खेळाडू होते. इंग्लंडचा अनुभव, विकेटचा डोंगर, सगळं होतं. तरी दर वर्षी कॅप्टन निवडायची वेळ आली की दुसरंच नाव पुढे यायचं.

कोणी म्हणेल, अहो, तेव्हा सगळीकडेच कॅप्टन वरच्या वर्गातला असायचा. हे खरं आहे. इंग्लंडमध्येही एका प्रोफेशनल खेळाडूला टेस्ट टीमचं कायमचं कॅप्टनपद मिळायला १९५२ साल उजाडलं. लेन हटन तो खेळाडू.

पण बाळूंच्या बाबतीत खरं कारण काय होतं, हे त्यांच्याच टीममधल्या माणसाने सांगून टाकलं. १९१३ मध्ये एम. डी. पै कॅप्टन झाले. जातीने सारस्वत ब्राह्मण. आपल्याच सत्कारात बोलताना पै म्हणाले की हा मान खरं तर माझे मित्र बाळू यांना मिळायला हवा होता, ते वयाने आणि अनुभवाने मोठे आहेत.

कॅप्टननेच असं म्हटल्यावर ‘योग्यता नव्हती’ हे कारण उरतच नाही.

विकेट काढणं आणि कॅप्टन होणं यात एक मोठा फरक आहे. विकेट काढणारा टीमसाठी काम करतो. कॅप्टन टीमला काम सांगतो. तू इथे उभा राहा, तू आता बॉलिंग टाक, तू खाली बॅटिंगला जा. पिच झाडणाऱ्या मुलाने चेंडू टाकला तर चालत होतं, कारण ती एक प्रकारे सेवाच होती. पण त्याने ब्राह्मण बॅट्समनला हुकूम सोडायचा, हे पचत नव्हतं. एकत्र चहा सुरू झाला तरी ही शेवटची पायरी तशीच राहिली.

जगात दुसरीकडेही हेच दिसतं. त्याच काळात अमेरिकेत बेसबॉल हा सगळ्यात लोकप्रिय खेळ होता. तिथे चेंडू टाकणाऱ्याला ‘पिचर’ म्हणतात. रूब फॉस्टर नावाचा कृष्णवर्णीय पिचर तेव्हा गाजत होता, पण मोठ्या लीगचे दरवाजे त्याच्यासाठी बंद होते. शेवटी १९२० मध्ये त्याने कृष्णवर्णीय खेळाडूंची वेगळी लीग उभी केली. मोठ्या लीगमध्ये जॅकी रॉबिन्सनच्या रूपाने कृष्णवर्णीय खेळाडू आला तो १९४७ मध्ये. आणि टीम चालवणारा पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर, फ्रँक रॉबिन्सन, आला १९७५ मध्ये. म्हणजे खेळू देण्यापासून हुकूम देऊ देण्यापर्यंत आणखी २८ वर्षं.

१९२०: भाऊ टीम सोडतात

इकडे मुंबईतही १९२० मध्येच ठिणगी पडली.

त्या वर्षीच्या चौरंगी स्पर्धेत पै कॅप्टन होते, पण आजारपणामुळे मुस्लिमांविरुद्धच्या सामन्यात खेळू शकणार नव्हते. कॅप्टनपद पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे गेलं. हेच ते प्रो. देवधर, ज्यांच्या नावाने पुढे देवधर ट्रॉफी सुरू झाली. बॅट्समन म्हणून ते थोर होते, यात वाद नाही. पण तेव्हा त्यांचं वय २८ होतं आणि पालवणकर त्यांच्याहून कितीतरी सीनियर. त्यात भर म्हणजे बाळूंना टीममधूनच वगळलं गेलं.

शिवराम आणि सगळ्यात धाकटा विठ्ठल, दोघेही टीममध्ये होते. विठ्ठल तेव्हा हिंदूंचा आघाडीचा बॅट्समन. दोघांनी खेळायला नकार दिला आणि वर्तमानपत्रांतून कारणही जाहीर केलं. सीनियर खेळाडूला केवळ जातीमुळे डावललं जातंय, हे त्यांनी उघड मांडलं.

शंभर वर्षांपूर्वी, सोशल मीडिया नसताना, दोन दलित खेळाडूंनी देशातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेवर असा बहिष्कार टाकला होता. हे पाऊल किती अवघड असेल, याचा विचार करा.

वेळही महत्त्वाची होती. त्याच वर्षी गांधींचं असहकार आंदोलन सुरू झालं होतं आणि अस्पृश्यता गेल्याशिवाय स्वराज्य नाही, असं ते सांगत होते. वर्तमानपत्रांत चर्चा पेटली. जिमखान्यावर दबाव आला.

पारशांविरुद्धच्या पुढच्या सामन्याला पै परतले. पालवणकर बंधूही परतले. आणि बाळूंना उपकर्णधार केलं गेलं. सामन्यात काही वेळ पै मैदानाबाहेर होते. तेवढ्या वेळात हिंदूंच्या टीमला फिल्डिंग लावत होते चाळिशी ओलांडलेले बाळू पालवणकर.

बस, तेवढंच. कॅप्टनपदाची पाटी त्यांच्या नावापुढे लागली नाही. त्यानंतर ते या स्पर्धेत खेळले नाहीत.

१९२३: विठ्ठल

पण दार किलकिलं झालं होतं. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कॅप्टन झाले. त्याच वर्षी त्यांच्या टीमने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. ज्या समाजाच्या सावलीचाही विटाळ मानत, त्या समाजातल्या माणसाला खांद्यावर घेणाऱ्या त्या गर्दीत सवर्णही होते.

विठ्ठल १९२६ पर्यंत कॅप्टन राहिले. चार वर्षांत तीनदा हिंदू जिंकले. म्हणजे पालवणकरांना कॅप्टन केलं तर टीम बिघडेल ही भीती किती पोकळ होती, हे निकालांनीच दाखवून दिलं. विठ्ठल यांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं.

मैदानानंतर: आंबेडकरांसमोर

बाळू खेळातून बाहेर पडले ते राजकारणात आले. इथे गोष्टीला अनपेक्षित वळण लागतं.

१९३२ मध्ये दलितांसाठी स्वतंत्र मतदारसंघ असावेत का, यावर देश दुभंगला. आंबेडकरांना ते हवे होते. गांधींनी त्याविरोधात येरवड्याच्या तुरुंगात उपोषण सुरू केलं. बाळूही स्वतंत्र मतदारसंघांच्या विरोधात, संयुक्त मतदारसंघांच्या बाजूचे होते. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. त्यावर सह्या करणाऱ्यांत आंबेडकर होते, आणि पी. बाळू हेही होते. ज्या पुण्यात ते रोलर फिरवायचे, त्याच पुण्यात.

मग १९३७ ची निवडणूक. आंबेडकर मुंबईतून स्वतंत्र मजूर पक्षाकडून उभे राहिले. काँग्रेसने त्यांच्यासमोर बाळू पालवणकरांना उतरवलं. आंबेडकरांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. फरक २,०२० मतांचा.

बाळू चुकले की बरोबर, यावर वाद होऊ शकतो. सवर्णांच्या टीममध्ये राहून, आपल्या खेळाने त्यांचं मन बदलेल, हा त्यांच्या आयुष्याचा अनुभव होता. थोडं बदललंही होतं. आंबेडकरांचा अनुभव आणि निष्कर्ष वेगळा होता. मन बदलायची वाट बघायची नाही, हक्क घ्यायचा. आणि गंमत बघा, १९२० मध्ये शिवराम आणि विठ्ठल यांनी जे केलं, ते या दुसऱ्या वाटेच्याच जवळ जाणारं होतं.

बाळूंचं निधन ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत झालं.

आपण विसरलो कसे?

साधं कारण म्हणजे भारत पहिली टेस्ट खेळला जून १९३२ मध्ये. तोवर बाळू पंचावन्नच्या पुढे गेले होते. त्यामुळे टेस्ट खेळाडूंच्या यादीत त्यांचं नाव नाही, आणि आपली क्रिकेटची आठवण बहुतेक तिथूनच सुरू होते. शिवाय धर्मावर आधारलेली ती स्पर्धा बंद झाली, आणि तिच्याबरोबर तिचे हिरोही मागे पडले.

‘लगान’मधला कचरा आठवतो? गावाने बाजूला टाकलेला फिरकी बॉलर. सिनेमा आला तेव्हा अनेकांना त्याच्यात बाळूंची सावली दिसली. पण सिनेमात भुवन एक भाषण करतो आणि प्रश्न सुटतो. खऱ्या आयुष्यात रानड्यांपासून ग्रेगपर्यंत सगळ्यांनी सांगून पाहिलं, ढिगाने विकेट पडल्या, तरी तीस वर्षं गेली.

आज रेकॉर्ड उघडलं तर दिसतं: पालवणकर बाळू, प्रथम श्रेणी सामने ३३, विकेट १७९, सरासरी १५.२१, डावात पाच विकेट १७ वेळा. म्हणजे सरासरी दर दोन सामन्यांत एकदा पाच विकेट.

कॅप्टन म्हणून सामने: एकही नाही. पुढच्या वेळी कोणी म्हणालं की खेळात जात-पात काही नसते, तिथे फक्त गुणवत्ता चालते, तर त्यांना हे रेकॉर्ड जरूर पाठवा.